एकादशीचा कॅन

मी थापा मारतो, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला शोधत बसायला नको. आमचं कामच तसं आहे. काशीच्या अमृतराव घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांची श्राद्धं-तर्पणं करायची आणि मंत्र आटोपल्यावर त्यांचे ओले कपडे वाळेपर्यंत त्यांना काहीतरी ऐकवायचं. मी ऐकवतो. या घाटाला पाण्याखाली आणखी तीनशे पायऱ्या आहेत, माझे आजोबा बुडी मारून त्या मोजून आले होते, आणि दोनशे नव्व्याण्णवाव्या पायरीवर बसलेल्या मगरीनं त्यांना "कुठल्या गावचे?" असं चक्क मराठीत विचारलं होतं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता त्या मगरीचं गोत्रसुद्धा मला पाठ आहे.

तर अशी मगर जन्मभर पोसलेला माणूस एक दिवस म्हणाला, "माझ्या छातीत काहीतरी होतंय." घाट हसला. दुसरं काय करणार?

होत होतं ते असं. बसल्या जागी, काही कारण नसताना, छातीत कुणीतरी नगारा बडवायला लागायचं. डोकं असं ठणकायचं की शेंडीची गाठ सैल करावी लागे. पौषातल्या थंडीत, जेव्हा घाटावरची कुत्रीसुद्धा एकमेकांना पांघरून झोपतात तेव्हा, माझं उपरणं घामानं पिळण्याइतकं ओलं व्हायचं. चेहरा पांढराफटक, हात लटलट. आणि वीस मिनिटांत सगळं बंद! मी पुन्हा ठणठणीत, जणू ते दुसऱ्याच कुणाला झालं होतं.

निदानाला आमच्याकडे तोटा नाही. आमच्या गल्लीत डॉक्टर नसेल असं एकच घर आहे, ते म्हणजे खऱ्या डॉक्टरचं. तो दिवसभर दवाखान्यात असतो. बाकी सगळे घरीच असतात. पानवाला म्हणाला, "का गुरु, गॅस है." शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. दृष्ट लागावी असं माझ्या तब्येतीत काय आहे हे तिनं सांगितलं नाही. आणि दादा म्हणाला, नाटक आहे. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. माझ्याहून फक्त सहा महिन्यांनी मोठा, आणि तेवढ्या जोरावर आयुष्यभर दादा.

दादाला दोष तरी कसा द्यावा? कारण पहिला मोठा झटका आला, तेव्हा मी खरोखरच नाटक केलं होतं.

साताऱ्याकडचं कुटुंब होतं, दहा-बारा माणसं, आईचं श्राद्ध. संकल्प सांगता सांगता माझी जीभ कोरडी पडली, हात थरथरायला लागले आणि पळीतलं पाणी यजमानाच्या तळहातावर न पडता त्याच्या चष्म्यावर उडालं. घाम नाकाच्या शेंड्यावरून दर्भावर टपकायला लागला. त्यांच्यातली एक वयस्कर बाई ओरडली, "अगं बाई, गुरुजींच्या अंगात आलं!" शेजारी संकठादेवीचं देऊळ आणि इथं मी थरथरतोय, त्यांनी आपापली बेरीज केली. बायका पदर पसरून पुढं सरसावल्या. एकीनं माझ्या पायापाशी नारळ ठेवला. खरं म्हणजे तेव्हाच सांगायला हवं होतं की बाई, देवी नाही, मला डॉक्टर पाहिजे. पण स्वभाव! अर्धे डोळे मिटून मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "धाकट्या सुनेला त्रास देऊ नका."

हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कुटुंबाला लागू पडतं. एकच कल्लोळ झाला. धाकटी सून हुंदके देऊन रडली, सासूनं स्वतःचे कान पकडले, यजमान चष्मा पुसायचं विसरला. वीस मिनिटांनी नगारा थांबला, देवी गेली, आणि मी नारळ काखोटीला मारून घरी आलो. त्याची बर्फी छान झाली होती.

पण तेव्हापासून माझा चेहरा पांढरा पडला की दादा सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं विचारायचा, "काय रे, आज कुणाच्या सुनेचं भलं?"

अशी दोन वर्षं गेली. कदाचित आणखी दहा गेली असती, किंवा मीच गेलो असतो, पण मध्ये माझा हर्निया आला. जुना होता, शेवटी पितृपक्ष उलटल्यावर ऑपरेशनची तारीख ठरली. भरती होण्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. पोरगेलासा माणूस, चेहऱ्यावर झोप. त्यानं दंडाला पट्टा गुंडाळला आणि त्याची झोप उडाली. वरचा आकडा दोनशे वीस. अर्ध्या तासानं पुन्हा घेतला तर एकशे तीस. सर्जन म्हणाला, "घबराहट है, पंडितजी डर गए." भूलवाल्यानं दोन्ही आकडे कागदावर लिहिले. माझ्याकडे वळून त्यानं हळूच विचारलं, "सिरदर्द, पसीना, धड़कन, तीनों एक साथ आते हैं? और अपने आप चले जाते हैं?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मलाच माझी गोष्ट सांगत होतं, आणि मी तिच्यात काही वाढवलेलं नव्हतं.

त्यानं हर्निया तिथंच थांबवला आणि मला हार्मोनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाई कडक. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकची दोन मूत्रपिंडं ठेवलेली होती, आणि त्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी. त्या टोपीवर पेन टेकवून त्यांनी समजावलं. समोर वाघ आला की या ग्रंथीतून एक रस सुटतो. छाती धडधडते, घाम फुटतो, रक्तदाब चढतो, माणूस पळायला तयार होतो. कधीकधी तिथं एक गाठ होते आणि ती वाघ नसतानाच तो रस सोडत बसते.

म्हणजे पाहा! माझ्या पोटात माझ्याहून पोचलेला थापाड्या बसला होता. वाघ नाही, वाघाचं शेपूट नाही, आणि हा रोज आतून बोंब मारतोय, वाघ आला, वाघ आला! आणि माझं बावळट काळीज दर वेळी विश्वास ठेवून पळत सुटतंय. असा श्रोता मला घाटावर कधी मिळाला नाही.

मी हे बाईंना ऐकवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, गाठ असेल आणि ती माहीत नसताना भूल देऊन हर्निया कापला, तर दाब असा उसळेल की टेबलावरून उठणार नाही तुम्ही. नसेल, तर खुशाल कापा. आहे की नाही ते जाँच सांगेल. आधी जाँच.

जाँच म्हणजे एक पाच लिटरचा कॅन. चोवीस तासांची लघवी त्यात धरायची. सकाळची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, मग दिवसभराची, रात्रीची, आणि दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा, थेंबही न सांडता. कॅनच्या तळाशी आम्ल घातलेलं, म्हणून कॅन हलवायचा नाही, तोंड लावून हुंगायचाही नाही. (हे कुणी केलं असेल म्हणून तिथं लिहिलं होतं, कोण जाणे!) बाईंनी एका मोठ्या लॅबचा पत्ता दिला होता, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक लॅब आहे, ती म्हणाली, आमच्याकडे जुन्या पद्धतीची होते, तेच ते. मला जवळचं बरं. पथ्याचा एक छापील कागद मिळाला, तो मी हरवू नये म्हणून पंचांगात घातला.

आता तुम्हाला वाटत असेल की या कॅनची आणि गंगाजळाच्या कॅनची अदलाबदल झाली. ती गोष्ट मी घाटावर सांगतो. तिच्यात नाशिकचे एक वकील आहेत आणि लोक हसून हसून आडवे होतात. पण तसं काही घडलेलं नाही. माझ्या बायकोनं कॅनला लाल फडकं बांधून तो बर्फाच्या बादलीत ठेवला होता आणि मोरीला कुलूप घातलं होतं. या बाईमुळे माझ्या कितीतरी चांगल्या गोष्टी घडता घडता राहिल्या आहेत.

जे घडलं ते वेगळंच. दिवस ठरवायचा होता. पंचांग माझ्या मांडीवर, दादा समोर. दादा म्हणाला, "परवा एकादशी आहे. त्याच दिवशी धर. अन्न पोटात नाही, म्हणजे शरीर शुद्ध. शरीर शुद्ध, म्हणजे नमुना शुद्ध." मला हे इतकं पटलं की मी त्याला नाटकवाली सगळी टोमणेबाजी माफ केली. चार शास्त्र्यांच्या घरात जन्मलेले आम्ही दोन पुरुष, चष्मे लावून, मुहूर्त काढून, मूत्रपरीक्षेसाठी एकादशी धरून बसलो.

आणि मी उपास केला. कडक. सकाळी दोन केळी आणि चहा. मग साबुदाण्याची खिचडी. तिच्यात दाण्याचं कूट एवढं की साबुदाणा हुडकावा लागत होता. वर कॉफी, कारण उपासानं डोकं दुखतं. दुपारी दाण्याचा लाडू, मूठभर अक्रोड, एक मोसंबं, पुन्हा दोन केळी. संध्याकाळी दादा व्हॅनिला आइस्क्रीम घेऊन आला; दुधाचंच असतं, चालतं. मध्ये मध्ये तंबाखूचं पान, कारण पान म्हणजे काही अन्न नव्हे. आदल्या दोन दिवशी काय खाल्लं ते विचारूच नका, दशमीला उद्या उपास म्हणून माणूस जरा जास्तच जेवतो.

कॅन घेऊन लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलीनं पथ्याचं विचारलं, "बाबा, परहेज से थे न?"

"बेटी," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "एकादशी थी. अन्न का एक दाना नहीं छुआ."

तिनं आदरानं मान हलवली आणि कागदावर तसं लिहून टाकलं.

आठवड्यानं रिपोर्ट आला: मर्यादेपेक्षा थोडासा जास्त. थोडासा! मला तेवढा पुरला. तो कागद मी घाटावर असा मिरवला की काय सांगू. सकाळी तो दुप्पट होता, दुपारपर्यंत चौपट झाला, आणि आरतीच्या वेळी दशाश्वमेधावरचे लोक मला बघायला येणार अशी हवा होती. दादा गप्प होता. दादाला गप्प बघण्यासाठी माणसानं गाठ सोसावी!

बाईंनी रिपोर्ट पाहिला, मला पाहिलं. "इतना सा? पंडितजी, उन दिनों खाया क्या था?"

"कुछ नहीं," मी अभिमानानं म्हणालो, "एकादशी थी," आणि पुरावा म्हणून पिशवीतून पंचांग काढून त्यांच्यापुढं ते पान उघडलं. त्या पानातून घडी केलेला पथ्याचा कागद सरकून टेबलावर पडला. बाईंनी तो उलगडून माझ्याकडे फिरवला. तीन दिवस काय खायचं नाही त्याची यादी. पहिलाच शब्द, केला, म्हणजे केळं. मग चाय, कॉफी, मूँगफली, अखरोट, मोसंबी, वनीला, तंबाकू. माझी एकादशी होती तशीच्या तशी, फक्त दुसऱ्या कुणीतरी आधीच छापून ठेवलेली.

"यह ट्यूमर की रिपोर्ट नहीं है पंडितजी," बाई म्हणाल्या, "केले की है. दोबारा होगी. बड़ी वाली लैब में, और साथ में ख़ून भी."

बातमी माझ्याआधी घाटावर पोचली. ती कशी पोचते हे मला आजतागायत कळलेलं नाही. दादानं पायरीवरूनच स्वागत केलं, "या, केळेश्वर! गाठ पिकलीय की अजून कच्ची?" नावाडीसुद्धा हसले. पानवाल्यानं पानाऐवजी केळं पुढं केलं. जन्मभर मी घाटाला हसवलं. पण मी हसवणं वेगळं, आणि घाटानं मला हसणं वेगळं. तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. चौथ्या दिवशी बायकोला सांगून टाकलं, "गॅस आहे, दुसरं काही नाही. मी दुसऱ्या दवाखान्यात बोललोय. तिथला भूलवाला फार प्रश्न विचारत नाही. सोमवारी हर्निया कापून टाकतो, विषय संपला."

ती दुधी किसत होती. किसणी न थांबवता म्हणाली, "अहो, तुम्ही कुठंही जाणार नाही."

"अगं, आता दादासुद्धा म्हणतो, गॅस आहे."

"दादांना मगरही खरी वाटते."

"आणि तुला? तुला माझी आजवर एक तरी गोष्ट खरी वाटलीय?"

"एक नाही. चाळीस वर्षांत एक नाही." आता किसणी थांबली. "ही वाटते."

"ही का?"

"थाप मारताना तुम्ही माझ्याकडे बघत नाही. वर बघता, नदीकडे बघता, दादांकडे बघता. परवा मोरीच्या दाराशी घाम फुटला, तेव्हा माझ्याकडे बघत होतात." तिनं उरलेला दुधी ताटलीत ठेवला. "सोमवारी त्या टेबलावर चढायचं असेल तर आधी मला सांगून चढा, म्हणजे मी दुसऱ्या गुरुजींना बोलावून ठेवते. तुमच्या भावाच्या हातून मला काही करून घ्यायचं नाही."

मला हसू आलं नाही. मी सोमवारचं रद्द केलं.

पुढचे तीन दिवस आमच्या घरावर तिचं राज्य होतं. पंचांग माळ्यावर गेलं. पथ्याचा कागद देवघराच्या दाराला चिकटला. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी. दुधी, मुगाचं वरण, मऊ भात. चहा नाही, पान नाही. बाईंना विचारून तिनं माझी सर्दीची गोळीसुद्धा काढून घेतली, कारण तीही जाँच बिघडवते. बनारसमध्ये तीन दिवस पान न खाता राहिलेला माणूस म्हणून माझं एखादं छोटं देऊळ व्हायला हरकत नव्हती. चौथ्या दिवशी भरलेला कॅन रिक्षात तिच्या पायांत होता. मला तिनं त्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

आणि मग रक्त. त्याची रीत ऐका. हातात सुई बसवायची आणि अर्धा तास उताणं पडून राहायचं. उठायचं नाही, हलायचं नाही, घाबरायचं नाही, बोलायचं नाही. मन शांत झालं की मगच रक्त काढायचं. नाहीतर रक्तात गाठीचा रस उतरला की माणसाच्या उचापतींचा, हे कळत नाही. तिथला माणूस म्हणाला, "बाबा, एक शब्द बोले तो आधा घंटा फिर से."

सातव्या मिनिटाला छताकडे बघून मी सहज म्हणालो, "या पंख्यावरून आठवलं..."

"फिर से," तो म्हणाला, आणि त्यानं घड्याळ मागं नेलं. बायकोनं स्टूल पुढं ओढलं, माझ्या डोक्याशी बसली आणि पदराचा बोळा हातात धरला. तो कशासाठी हे तिनं सांगितलं नाही.

शुद्धीत असताना मी इतका वेळ गप्प राहिल्याचं मला आठवत नाही. मुंजीतसुद्धा बोललो होतो. पहिली दहा मिनिटं नुसत्या गोष्टी घशाशी येत होत्या. मग हळूहळू त्या येईनाशा झाल्या. पंखा फिरत होता. आणि तेव्हा, कुणाला ऐकवायचं नसल्यामुळे, मला साधं सरळ कळलं, की मी मेलो असतो. सोमवारीच. नारळ, केळी, दादाचे टोमणे, सगळं इथंच राहिलं असतं आणि मी गॅस म्हणून गेलो असतो. मी मान न हलवता डोळे वर केले. ती बोळा धरून माझ्याकडेच बघत होती.

रक्त काढून झालं, तरी मी तिच्याकडेच बघत होतो. त्या माणसानं तिला विचारलं, "बाबा ठीक हैं न?"

रिपोर्ट तिच्या फोनवर आला. यावेळी थोडासा वगैरे नाही. रक्तात आणि लघवीत, दोन्हीकडे, मर्यादेच्या कितीतरी पट. मी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दहापटीनं वाढवून सांगत आलो, आणि माझ्याच पोटातल्या गाठीनं मला मागं टाकलं होतं. बाईंनी पहिल्यांदा हसून विचारलं, "पंडितजी, इसमें आपने कुछ जोड़ा तो नहीं?" मग त्या गंभीर झाल्या आणि स्कॅन लिहून दिला. उजवीकडे, मूत्रपिंडाच्या टोपीतच बसली होती ती, गोल गरगरीत.

त्यानंतर काही आठवडे दाब बांधून ठेवणाऱ्या गोळ्या, भरपूर पाणी, आणि मग ऑपरेशन. भूल द्यायला तोच झोपाळू चेहऱ्याचा पोरगा होता. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "इस बार हमको मालूम है." आदल्या दिवशी दादा भेटायला आला होता, हातात डझनभर केळी घेऊन. टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे बघत बसला. "चालतात ना आता?" एवढंच म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. मी लगेच एक केळं सोललं. दादा रडायला लागला की फार वाईट दिसतो.

गाठ निघाली. हर्निया उन्हाळ्यात शिवून झाला. मधे एकदा पुन्हा कॅन भरावा लागला, गाठीचं काही उरलंय का बघायला. बायकोनं दिवस ठरवला, मला तिथी कळू दिली नाही. रिपोर्ट आला: अगदी साधा. चार माणसांसारखा आकडा. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता मी पुन्हा घाटावर बसतो. मगर आहेच, तिच्या जोडीला गाठ आली. गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या मंडळींना सांगत होतो, गाठ कवठाएवढी होती, काढली तेव्हा ऑपरेशनच्या खोलीतले दिवे विझले आणि दोन नर्सा देवीचं नाव घ्यायला लागल्या. तेवढ्यात बायको देवळातून परतत होती. ती पायरीवर थांबली. नुसता अंगठा आणि एक बोट जोडून लहानसं कागदी लिंबू दाखवलं आणि पायऱ्या चढून गेली. मंडळी तिच्याकडे बघत होती, मी नदीकडे.

घरी आल्यावर तिनं ताट वाढलं आणि रोज विचारते तसं विचारलं, "आज धडधड?"

"छे, कसली धडधड?" मी वरणात लिंबू पिळत म्हणालो.

"इकडे बघून सांगा."

मी लिंबू खाली ठेवलं, तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं, "नाही."

तिनं भात वाढला.